विस्ताराची कोटी

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात वीज यायची
आठवड्यातून दोनदा, चोरासारखी, पहाटे.
आईनं विद्यापीठातला अर्धा फुटका फळा घरी आणला
आणि रॉकेलच्या शेगडीभोवती
ओव्हरकोटातली सात मुलं बीजगणित शिकू लागली.

"परिमेय संख्यांचं घर. बेरीज, भागाकार, सगळं घरातल्या घरात.
आता दोनाचं वर्गमूळ आत घ्या.
एकटं येत नाही ते.
त्याची तिप्पट येते, निमपट येते,
सातात मिळवलेलं येतं.
सगळ्यांना जागा द्यावी लागते."

त्याच आठवड्यात सुखुमीहून लामारा आली.
बाबांच्या चुलतभावाची पहिली बायको,
म्हणजे नात्यानं कुणीच नाही.
एक पिशवी. पायांत पुरुषी बूट.
मागोमाग तिचा खोकला आला,
मक्याच्या घोमीत मीठ न घालणं आलं,
रात्री दोनला उठून पाणी भरणं आलं.
माझा पलंग अर्धा झाला.
"विस्ताराची कोटी दोन," आई म्हणाली.
ही कोटी होती की गणित,
मला हसू आलं नाही.

वर्गमूळ आणि त्याचं उणं रूप:
अदलाबदल करा, जुन्या घराला पत्ता लागत नाही.
आईचा कोट घालून लामारा पावाच्या रांगेत उभी राहिली की
शेजारचा अंझोर विचारायचा, "त्सिसाना, किती उरले?"
आणि ती सांगायची. आईच्याच आवाजात.

फेब्रुवारीत पाचवी कोटी.
क्षचा पाचवा घात बरोबर क्ष अधिक एक.
"पाच मुळं. एकशेवीस तऱ्हांनी जागा बदलतात.
त्यातलं एक हे इथं," आईनं रेघेवर खूण केली,
एकाच्या जरा पुढं, बोट ठेवता येईल अशी.
"पण वर्गमुळं, घनमुळं, हवी ती मुळं एकावर एक रचा,
इथवर शिडी पोचत नाही.
सापडली नाही असं नव्हे. नाहीच."

दारात लामारा बटाटे सोलत होती.
बंदरावर बावीस वर्षं हिशेबनीस होती ती.
"पण मूळ आहे ना?"
"आहे."
"जागेवर?"
"जागेवर."

सुरी थांबली.
"आमचाही पाचवाच मजला," ती म्हणाली, कुणालाच नाही.
मग: "त्या एकशेवीसांत
ते एक किती वेळा हलत नाही?"

आई बोलायच्या आत अंझोरच्या मुलानं बोटं मोडून सांगितलं,
"चोवीस."

"चोवीस," लामारा म्हणाली,
आणि पुढचा बटाटा उचलला.
"मला वाटलं, एकदाच असेल."