दहा टक्के

"श्वास घ्या. रोखून धरा. हलू नका."
दिवसातून साठ वेळा म्हणते मी हे
हडपसरला, दवाखान्याच्या तळघरात,
जिथं भिंतीत शिसं आहे आणि मोबाईलला रेंज नाही.
"सोडा" म्हणायला कधी विसरले नाही.

पगार ठरला अठरा हजार.
खात्यात येतात सोळा हजार दोनशे.
पहिल्याच महिन्यात विचारलं होतं,
तर अकाउंटचा पोरगा मान वर न करता म्हणाला,
"टीडीएस. तुम्ही प्रोफेशनल ना!"
मी प्रोफेशनल.
ना पीएफ, ना पगारी रजा,
वरून हाक येते "ए एक्सरे",
पण कागदावर उभी वकिलांच्या रांगेत.
त्या एका शब्दाचे महिना अठराशे.
महाग पडला. तरी घरी येऊन
आरशासमोर एकदा म्हणून पाहिला.

कापलं म्हणजे गेलं, असं धरून चालले,
दळणातलं थोडं पीठ गिरणीतच राहतं
तसं.
चार वर्षं.

लिफ्टवरचा अंबादास म्हणाला,
"ताई, तुमचं उत्पन्न करात बसतंय कुठं?
मागा की परत."
कुणाकडं?
"सरकारकडं."
जणू सरकार शेजारच्या खोलीत राहतं
आणि आपण वाटी घेऊन जायचं.

गाडीतळाजवळ झेरॉक्सच्या दुकानात
झुबेदा तांबोळी बसतात, फी दोनशे.
त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली.
तिमाहीमागून तिमाही, बरगड्यांसारखी
माझी कमाई मांडलेली.
फिल्म वाचता येते मला;
कुठं काय कापलंय, एका नजरेत दिसलं.

"आणि मागची तीन वर्षं?"
मॅडमनी चष्मा काढला.
"मुदत गेली त्यांची."
चौसष्ट हजार आठशे.
मी मोजलं आणि पुढं मोजायचं थांबवलं,
कारण त्यात सासऱ्यांचा मोतीबिंदू निघाला,
पोरीची सायकल निघाली,
आणि एक भांडण,
जे पैसे असते तर झालंच नसतं.

आधारला नंबर जुना. तो भावाच्या फोनात,
भाऊ चाकणला, सेकंड शिफ्टला.
मशीनच्या आवाजात ओरडून ओटीपी सांगत होता.
"सहा का नऊ रे?"
"नऊ! नऊ! नवरात्रीचा नऊ!"
रांगेतले दोघं हसले.
मी श्वास रोखून एकेक आकडा दाबत गेले.

दीड महिन्यानं मेसेज: परतावा अयशस्वी.
पॅनवर मी यमुना दगडू रणपिसे,
बँकेत यमुना नितीन लोंढे.
सरकारला दोन बायका दिसल्या,
एकीचे पैसे कापलेत
आणि मागायला आलीय दुसरीच.
दोन अर्धे दिवस बँकेत गेले,
बिनपगारी, म्हणजे सहाशे.
तिथली बाई म्हणाली, "आधीच बदलायचं नाही का नाव?"
लग्नात कुणी सांगितलं नव्हतं
की मंगळसूत्र पॅनलाही घालायचं असतं.

ऑक्टोबरात, एका मंगळवारी, पैसे आले.
मी तळघरात होते.
चहाला वर आले तेव्हा फोन थरथरला:
बावीस हजार तीनशे साठ.
कापले होते एकवीस हजार सहाशे.
मी तांबोळी मॅडमना फोन लावला,
"चुकून जास्त आलेत, सातशे साठ.
परत करायचे का?"
त्या हसल्या. "व्याज आहे ते."

व्याज.
बचत गटाचं भरलंय मी, फ्रिजचं भरलंय,
सोनाराकडं तर दोनदा.
मला कुणी दिलं नव्हतं.
चहा तसाच ठेवून खाली आले.
ह्या महिन्यातही सोळा दोनशेच येणार,
पण आता कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी,
अठराशे लिहून ठेवायचे,
एवढं ठरवत होते,
तेवढ्यात काचेपलीकडून आजोबांचा आवाज,
बारीक, गुदमरलेला:

"बाई, सोडू का आता?"