तीन दशांश

विश्रामबागेत, पिठाच्या गिरणीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर
माझी पिट लेन आहे.
दोन स्क्रीन, एक इन्व्हर्टर,
एका हाताची खुर्ची.
गाडी तिकडे कोइमतूरजवळ पळते
आणि तिचं दुखणंखुपणं इथे येतं:
चाकांचा ताप, तेलाचा दाब, ब्रेकच्या तबकड्यांची लाली,
सेकंदाला शंभर वेळा,
आठशे-साडेआठशे किलोमीटर ओलांडून
माझ्या चहाशेजारी रेघ होऊन बसतं.

त्या गाडीला मी अजून हात लावलेला नाही.
समोरच्या पाटणकरकाकू विचारतात,
"रेस म्हणजे पैजा लावतेस का गं?"
नाही काकू. पाय वाचते.

एकोणीस नंबरच्या गाडीत इळंगो असतो.
त्याचा चेहरा मी फोटोत पाहिलाय, हेल्मेटसकट.
पण त्याचे पाय मला
त्याच्या आईपेक्षा नीट ठाऊक आहेत.
तिसऱ्या वळणाला तो ब्रेक असा दाबतो
की हिरवी रेघ कड्यासारखी उभी,
मग सोडतो हळूहळू,
निजलेल्या लेकराच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तसा.

शनिवारी सरावात संघाची दुसरी गाडी
सातव्या वळणावर भिंतीला गेली.
तिचीही रेघ माझ्याकडेच येते.
एकशे बासष्ट,
एकशे अठ्ठावन्न,
पुढे सपाट.
(पोरगा वाचला. घोटा गेला.)

रविवारी पात्रता फेरी.
सातव्या वळणाशी इळंगोच्या ॲक्सिलरेटरची रेघ
किंचित बसली.
साखरेचा दाणा सांडावा, एवढीच.
पुढच्या फेरीत पुन्हा, तिथेच, तेवढीच.
मॅनेजर कानात: "तीन दशांश कुठे सांडतायत, वृंदा?"

माझ्या तक्त्यात एकशे चौदा रकाने आहेत.
टायर, वारा, इंधनाचं वजन, डांबराचं तापमान.
एकशे पंधराव्याला
मी अजून नाव दिलेलं नाही.

आप्पा हळदीच्या सौद्यात एका दलालाकडे होते.
यार्डात, पोत्यांच्या थप्प्यांमधे,
रुमालाखाली हातात हात आणि बोटांनी भाव;
तोंडानं नुसत्या पाऊसपाण्याच्या गप्पा.
कोपरापर्यंत पिवळे होऊन घरी यायचे, म्हणायचे,
"बोट दाबतं तो एक भाव.
बोट थरथरतं तो दुसरा.
दुसरा आपल्याला कळला तरी
रुमालाखालीच ठेवायचा असतो."
आई म्हणायची, म्हणूनच भाड्याच्या घरात आहोत.

"वृंदा? ऐकतेयस ना?"
खाली गिरणी सुरू झाली. टेबल थरथरलं.
"मागचा डावा टायर," मी म्हणाले, "चार अंशांनी गार आहे.
एक फेरी जादा तापवू द्या त्याला."
चार अंश होतेच गार. तपासून घ्या.
खोटं बोलायला आकडे लागतात
आणि आकड्यांचा माझ्याकडे दुष्काळ नाही.

त्या जादा फेरीत, सातव्या वळणाशी,
वेग एक्केचाळीसवर आला.
तिथे कुणी एक्केचाळीसनं जात नाही.
भिंत. तिच्यावर लाल रंगाचा ओरखडा.
पाहून घेतलं असेल त्यानं.
मॅनेजर ओरडला, "टायर असे तापतात का?"
मी रेघ मोठी करून
बघत बसले.

मग दोन दशांश परत आले.
एक तिथेच राहिला.
राहू दे.
सहावा आला.

रात्री साडेअकराला, गिरणी बंद, वीज आलेली,
त्याचा मेसेज:
टायर खरंच गार होता का?
मी आलेख पाठवला.
त्यानं अंगठा पाठवला.
बाकीची चार बोटं
रुमालाखाली.