साडेअकरा मिलिमीटर

कॉफीच्या गाळणकागदात गुंडाळून आणलं इल्वानं ते बटण,
लेकराचा पडलेला दात आणावा तसं.
काउंटरवर ठेवलं. हातमोजे काढलेच नाहीत.
म्हणाली, असंच हवंय.

असंच.
हा शब्द ऐकला की माझी कंबर धरते.
चाळीस वर्षं हर्नोसांडच्या धक्क्यावर
होड्यांचे दिवे, पंप, तारा विकतोय मी,
असंच म्हणून मागितलेली वस्तू
आजवर एकदाही तशीच सापडलेली नाही.

काळं, बुटकं, तीन थांब्यांचं:
बंद, कोमट, गरम.
तिच्या मोटारसायकलीच्या मुठी तापवायला
सिक्स्टेननं स्वतः तारा वळल्या होत्या,
वर कातडं शिवलं होतं, बुटांच्या दोऱ्यानं.
आता मधला थांबा धरत नव्हता.
बटणाच्या पोटावर कंपनीचं नाव असायला हवं,
तिथं कानशीचे ओरखडे.
हे का घासलं त्यानं?
कुणास ठाऊक, ती म्हणाली.
माझ्यासारख्याची जिरवायला, मी म्हटलं. ती हसली नाही.

कॅलिपर लावला. साडेअकरा.
बारा मिळतं. दहा मिळतं.
साडेअकराचं भोक शहाणा माणूस पाडत नाही.
सिक्स्टेनचं बाराचं ड्रिल मोडलं असणार
आणि नवं घ्यायला त्याच्या जिवावर आलं असणार.
भोक वाढवू या, अर्धाच मिलिमीटर तर आहे,
असं म्हटलं मात्र,
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जणू थडग्यावरचं नाव बदलू या म्हणालो.

मग शोध.
ट्रॅक्टरवाला होल्गर: नाही.
क्रामफोर्सच्या भंगारात गाई दोहायच्या यंत्राचं एक,
पण दोनच थांबे.
दाताच्या डॉक्टरच्या जुन्या खुर्चीचं एक,
मापाला जवळपास, खटका अगदी मऊ.
तिनं दोनदा दाबलं, म्हणाली, हे बोलतच नाही.
असे तीन आठवडे.
रस्त्यावरचा बर्फ गेला, हिवाळाभर टाकलेली खडी
नगरपालिकेनं झाडून नेली,
पोरांच्या मोटारसायकली धक्क्यावरून गुरगुरत जायला लागल्या.

मंगळवारी ती आली
आणि काउंटरवर एक वायर ठेवली. टोकाला बटण.
काळं, बुटकं. बंद, कोमट, गरम.
पोटावर नाव शाबूत:
विजेवर तापणाऱ्या ब्लँकेटांची कंपनी, केव्हाच बुडालेली.

दोघांचं ब्लँकेट, ती म्हणाली. दोन बाजू, दोन बटणं.
ही माझी बाजू.
काल पलंगाखाली वाकले तेव्हा दिसलं,
त्याच्या बाजूची वायर कापून
टोक चिकटपट्टीनं बंद केलंय, नीट, तीन वेढे.
मला म्हणायचा, मला उकडतं.
एकोणीस हिवाळे म्हणायचा, मला उकडतं.

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

अशा बटणाला बारा व्होल्टवर जास्त प्रवाह सोसत नाही,
तिला सांगितलं. मधे एक रिले घालावा लागेल.
घाला, ती म्हणाली.
आणि तुमचं ब्लँकेट?
मे महिना आलाय, ती म्हणाली.

बसलं. न ठोकता, न घासता बसलं.
तिनं हातमोजे काढले,
मुठींवर उघडे पंजे ठेवले
आणि चालू करायलाच विसरली.

पावती केली: रिले एक, डाग दोन.
जुनं बटण ती न्यायचं राहिली.
ते आहे माझ्या खणात, कागदासकट.
गिऱ्हाईक नसलं की दाबतो.
बंद. मग काहीच नाही. मग गरम.