सहाशे अठ्ठ्याऐंशी

रत्नागिरीत, मारुती मंदिरापाशी, दुसऱ्या मजल्यावर,
खाली चष्म्याचं दुकान, तिथं मी बसते.
माझं काम सोपं आहे:
घड्याळ काढा, बाह्या वर करा,
खिसे उलटे करून दाखवा,
बाटलीवरचं लेबल सोला.
आत सहा संगणक, एक एसी, एक कॅमेरा.
कॅमेरा माझ्यावरही असतो.

उबेद होडेकर आला तेव्हा
यंत्राला त्याचं बोट पटेना.
अंगठा, तर्जनी, पुन्हा अंगठा.
बर्फानं आणि नायलॉनच्या दोरीनं
रेषा गुळगुळीत झालेल्या.
"मिरकरवाड्यात सगळ्यांचीच अशी, मॅडम.
रेशनलापण हेच."
ओल्या रुमालानं पुसून, फुंकर घालून
सातव्या खेपेला तो उबेद ठरला.

साठ प्रश्न, नव्वद मिनिटं.
प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, मीही सही केलीय,
म्हणून हा माझ्या मनचा समजा:
नेटवर्क मधूनच जातं, मधूनच येतं.
तुम्ही आधी काय कराल?
अ, ब, क, ड.
काचेतून मला पडदा दिसत नाही, पाठ दिसते.
पाठ बराच वेळ हलली नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला,
"त्यात बर्फाची फॅक्टरी नव्हतीच."
पहाटे पावणेचारला तिथला कॉम्प्रेसर सुरू होतो,
जेट्टीवरचे दिवे मिचकतात,
पापलेटचा भाव पडद्यावर अर्धाच उमटतो.
तेव्हा कुठंच हात लावायचा नसतो,
शंभरपर्यंत मोजायचं असतं.
तरी नाही आलं तर खांबावर चढून जोड उघडायचा,
खाऱ्या हवेनं हिरवं पडलेलं तांबं घासायचं,
वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची.
हे अ मध्ये नाही. ड मध्येही नाही.

छापील कागद मीच त्याच्या हातात दिला.
सहाशे अठ्ठ्याऐंशी. लागतात सातशे.
त्यानं चार घड्या करून तो खिशात घातला,
डिझेलच्या पावतीसारखा.

त्याच दुपारी ओजस भिडे: नऊशे बारा.
वय एकवीस. जेट्टीवर कधी गेला नव्हता,
वासानं मळमळतं म्हणाला.

इथं थांबता आलं असतं.
माझ्या नवऱ्यानं तर इथंच थांबवली गोष्ट.
"बघ, म्हणजे कागदाला काय अर्थ!"
म्हणाला, आणि बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला लावला.

पण नारळी पौर्णिमेनंतर आठेक दिवसांनी
सोसायटीच्या संगणकातली डिस्क गेली.
उबेदनं खोकं उघडलं, पुसलं, कान लावला.
त्यातली वायर न् वायर त्याच्या ओळखीची.
आतून नुसतं टक्, टक्.
सोसायटीनं नवा ठेवलेला ओजस
नाकाला रुमाल लावून मागं उभा होता.
त्यानं विचारलं,
"बॅकअप कुठाय?"

पुस्तकातला प्रश्न. पाचवं प्रकरण असेल.
एकशे बारा होड्यांचा तीन वर्षांचा हिशेब,
कुणाची किती उचल, कुणाचं किती डिझेल,
सगळं त्या एका टकटकीत होतं.
कुणी काही बोललं नाही.
चेअरमननं चहा सांगितला, तोही कुणी प्यायलं नाही.

हे मला उबेदनंच सांगितलं, फेब्रुवारीत,
दुसऱ्यांदा फी भरून आला तेव्हा.
ओजस आता मोजतो म्हणाला पावणेचारला,
पण ऐंशीलाच हात घालतो, त्याला धीर नाही.
आणि आपण?
आपण रोज रात्री दोन ठिकाणी उतरवून ठेवतो,
एक प्रत घरी, तांदळाच्या डब्यात, दमट लागू नये म्हणून.
मी हसले नाही. कॅमेरा होता.

बोट या वेळी चौथ्या खेपेला लागलं.
बाटलीचं लेबल त्यानं घरूनच सोलून आणलेलं.
मी दार लावून घेतलं
आणि काचेतून पाठ बघत बसले.
एका प्रश्नावर ती पुन्हा थांबली.
मी मनात मोजायला लागले.
ब्याण्णवला त्यानं माउस हलवला.