सायरनच्या बटणावर पंखा

खाण बंद पडली तेव्हा कंपनीने सगळं विकायला काढलं,
क्रशर, खुर्च्या, कॅन्टीनचे टोप,
आणि ही गाडी.
लिलावात आमच्याशिवाय कुणाचा हात वर नाही.
एक भंगारवाला होता, तोही म्हणाला,
ॲम्ब्युलन्स नको रे बाबा, बायको घरात घेणार नाही.

कुडचड्याला, बाजारामागच्या शेडखाली
मी पाईप धरायची, हे घासायचे.
लाल पाणी निघायचं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल.
दाराच्या रबरात, सीटच्या शिवणीत, वायपरच्या मुळाशी
एकोणीस वर्षांची माती.
शेवटी मीच नळ बंद केला.

छपरावरचा दिवा काढल्यावर ताटाएवढं भोक उरलं.
बुजवूं? इनास मेस्ताने विचारलं.
झाकण कर, म्हटलं, उघडमीट होणारं.
तो हसला,
"बाये, मागीर पावसांत म्हाका गाळी घालूं नाकात."

आतला ओटा फणसाच्या फळ्यांचा,
त्याखाली शेगडी, वीस लिटरचा कॅन,
कोकमाची बाटली, तांदूळ, सुके बांगडे तिहेरी पिशवीत,
तरी वास येतोच.
पडदे भावाच्या लग्नातल्या मांडवाचे, पिवळे,
एका कोपऱ्यात अजून हळदीचा हात.

स्ट्रेचरचे रूळ मात्र यांनी कापू दिले नाहीत.
सरळ आहेत, म्हणाले. मजबूत आहेत.
मेस्ताने कटर खाली ठेवला.
पलंग त्या रुळांवरच बसवला, ढकलला की खट् वाजतो.
मी तो खट् पहिल्यांदा ऐकत होते.

गादीसाठी सुतळी घेऊन मी विचारलं, लांबी किती धरू?
सहा फूट दोन इंच, हे न बघता बोलले,
सावर्ड्याचा डंपरवाला मावला होता
गुडघे न दुमडता.
मग बराच वेळ पान्हा शोधत राहिले.
मग म्हणाले,
तिळामळच्या चढावर एक पोर जन्मलं होतं पण.

केप्याच्या आरटीओत साहेबाने कागद उलटेपालटे केले.
रोहिदासबाब, गाडीचा वापर काय?
निजायला.
आधीही त्यालाच होती ना?
शिक्का मारायला त्याने तीन खेपा घालायला लावल्या.

सायरनचं बटण डॅशबोर्डवर तसंच राहिलं.
तार मोकळी होती, पुतण्याने पंख्याला जोडली.
दाबलं की मागे छोटा पंखा घूं करतो.
पहिल्यांदा दाबलं तेव्हा
यांचा पाय आपोआप ॲक्सिलेटरवर गेला,
गाडी बंद होती, तरी.

मे महिन्यात निघालो.
करमल घाटात मागे कपांची किणकिण,
ट्रक पुढे गेले, बस पुढे गेली,
स्कूटरवर तिघं पोरगे, तेही हॉर्न मारत पुढे.
जाऊं दी, हे म्हणायचे, दर वेळी,
आणि आरशात बघायचे,
मागे फक्त मी, कलिंगड मांडीत धरून.

गालजीबागेला रोझालिनाच्या माडांत जागा मिळाली,
रात्रीचे दीडशे, विहिरीचं पाणी त्यातच.
तिने एकच अट घातली, दिवा लावायचा नाही,
कासवांची पिल्लं उजेडाला भुलतात,
समुद्र सोडून तुमच्या गाडीकडे चालत येतील.

म्हणून काळोखातच जेवलो.
सलाईनच्या आकड्याला मच्छरदाणी टांगली.
झाकण उघडलं, ताटाएवढं आभाळ आत आलं,
थोडी वाळूही.
हे पुढच्याच सीटवर बसून राहिले,
स्टिअरिंगवर दोन्ही हात.
या आता, म्हटलं. कुणी बोलावलेलं नाही तुम्हाला.

आले. आडवे झाले.
एवढ्या वर्षांत मागे पहिल्यांदाच.
खट्.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मला वाटलं आभाळ बघताहेत.

"इथून ड्रायव्हर दिसतो," म्हणाले. "त्याची मान."

मी पुढे बघितलं.
सीटवर टॉवेल होता, चष्म्याचं घर,
मानकुरादाची चोखलेली बाठ कागदावर.
उकडत होतं खूप.
मी उठले, पुढे गेले,
चाचपत सायरनचं बटण दाबलं.