उपाशीपोटी

निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून
शाळेची एक खोली. रविवार.
फळ्यावर कन्नडमधले पाढे, कुणी पुसलेले नाहीत.
सुई, कापूस, पट्ट्यांची डबी मांडून मी बसते
आणि येईल त्याला तेच विचारते :
उपाशीपोटी आलाय न्हवं?

लगमव्वा हसते.
"बाई, त्यात इचारायचं काय असतंय."

तिचं बोट हातात घेते.
पस्तीस वर्षं पान वळून वळून
टोक बिब्ब्यासारखं गुळगुळीत, काळं.
टोचते. रक्त येत नाही.
दुसरं बोट. तेही तसंच.
"करंगळी घे," तीच सुचवते, "तिला काम नसतंय."
करंगळीतून थेंब निघतो,
मोहरीएवढा.

यंत्राला आकडा सांगायला पाच सेकंद लागतात.
तेवढ्यात कळतं ते असं की
पहाटे चारला सूप मांडीवर,
दहाला चहा, एकला चहा,
साखर जरा वरचढ, म्हणजे पोट गप बसतंय.
हजार पुऱ्या होईस्तोवर उठायचं नाही,
मुकादमानं छाट काढली तर अकराशे.
जेवणानंतर दोन तासांनी परत या, म्हणायला गेले
तर ती विचारते, कुठलं जेवण?
रेशनचा भात, सगळ्यांचं झाल्यावर, रात्री.
जोंधळा मागच्या दिवाळीला बघितलेला.

तीनशे बारा.

अर्ज कन्नडमध्ये, मी विचारते मराठीत,
ती दोन्हीत मिळून उत्तर देते.
सक्करे कायिले,
हे ती असं म्हणते, जसं कुणा तान्ह्याचं लाडाचं नाव.
व्यवसाय : छापलेलं आहे, मनेकेलस. घरकाम.
मी त्यावर विडी लिहिते.
वरच्या ऑफिसात ते खोडतात, मला माहीत आहे.

घरात आणि कुणाला?
"ह्यो काय. माझ्या पाठचा."

भरमा दाराशी उभा, इस्त्रीचा शर्ट.
उद्यमबागेत फाउंड्रीत वीस वर्षं लोखंड ओतलं,
तेव्हा काही नव्हतं.
मग सुपरवायझर. मग खुर्ची.
खुर्चीमागून मोटरसायकल, मोटरसायकलीमागून
शनिवारची मंडळी, कुंद्याचे डबे, रात्रीचे धाबे.
पोट सुटलं तेव्हा गल्ली म्हणाली, मानवलं बघ भरमाला.
बहीण सुकत गेली तेव्हा तीच गल्ली म्हणाली,
कुणीतरी करणी केलीय.
त्याचं कळलं कंपनीच्या तपासणीत, छापील कागदावर.
हिचं, टाचेची जखम
हळद दाबून अख्खा पावसाळा बसल्यावर.

एकाच आईची दोघं.
तरी वाईट माणूस नाही तो.
स्वतःला झालं तेव्हा बहीण आठवली,
सुट्टी मोडून बेळगावहून आला, तिला इथवर आणली.
मला सांगतो, मी रोज पाच किलोमीटर चालतोय मॅडम,
भात बंद, फक्त भाकरी, मेथी, कारलं.
मी विचारते, करतं कोण?
तो मागं बघतो.

मागं बाकावर एक बाई.
मांडीवर त्याची पिशवी, पिशवीत त्याचा डबा, गोळ्या,
वेळ चुकली तर म्हणून बिस्किटाचा पुडा.
नाव?
"भरमाची बायको." मग थोडं थांबून,
"यल्लूबाई."
त्याची भाकरी वेगळी, पोरांची पोळी वेगळी,
उरलेला भात हिच्याकडं.
पाहुण्यांनी आणलेला कुंदाही,
टाकायचा कसा, साजूक तुपातला असतोय.
पायाला मुंग्या येतात, खरं ते उभं राहून.
रात्री चारदा उठते, खरं ते वयानं.

या, बसा, बोट द्या.
"मला काय झालंय?
ह्यास्नी अकराला खायाला लागतंय, बस चुकंल."

रजिस्टरात दोन नावं झाली.
सोबत आलेल्यांसाठी रकाना नाही.
खिडकीतून दिसतं, लगमव्वा लंगडत वखारीकडं,
ती दोघं स्टँडकडं,
पिशवी अजून तिच्याच खांद्यावर.

डबीत एक पट्टी उरली आहे.
मी झाकण घट्ट लावते.
हवा लागली की वाया जाते.