मालकी क्रमांक

माझं झेरॉक्सचं दुकान आरटीओच्या रस्त्याला.
काचेवर दिवसाला साठ-सत्तर आरसी पालथ्या पडतात.
चेसिस नंबर, इंजिन नंबर, बोजा असल्यास बँकेचं नाव.
दुसऱ्यांच्या गाड्यांच्या कुंडल्या मला तोंडपाठ,
स्वतःची गाडी तेवढी नव्हती.

सन्मती उपाध्यांची पांढरी गाडी
विश्रामबागेत, गुलमोहराखाली, नुकती धुतलेली.
आत मोगऱ्याचा वास, जरा जास्तच.
कागद फाईलमध्ये, एकेक प्लास्टिकच्या कव्हरात.
मालकी क्रमांक दोन.
बोजा निरंक.
मोबाईलवर नंबर टाकला, कुठेही लाल अक्षर नाही.
"आरशासारखी आहे, ताई," ते म्हणाले.

मी विम्याची कागदं तारखेने लावत बसले.
सवय. गिऱ्हाइकं पानं उलटसुलट देतात.
एकोणीसच्या ऑगस्टात पॉलिसी मध्येच तुटलेली,
पुढची थेट वीसच्या मार्चात,
कंपनी नवी, मालकही त्याच महिन्यात नवा.
मधले सात महिने कुणाच्याच नावावर नाहीत.
"गाडी उभी होती," उपाध्ये म्हणाले.
कुठे, ते मी विचारलं नाही.
दस्तगीरकडे बघितलं.

दस्तगीर मुजावर, मिरजेचा मिस्त्री,
कागदाला हात लावत नाही.
बॉनेटसुद्धा उघडलं नाही त्यानं.
मागच्या सीटवर टेकला आणि म्हणाला,
"पट्टा वढा की ताई. आनि वढा. पार शेवटापतोर."

पट्टा येत राहिला.
एवढा कोण ओढतं? एवढं पोट कुणाचं नसतं.
काळा, काळा, काळा,
आणि शेवटची वीतभर
भुरा, खळ दिल्यासारखा ताठ.
खरवडलं तर नखात माती आली.

ही माती मला कागदापेक्षा बरी वाचता येते.
आमच्या सांगलीवाडीतल्या भिंतीवर तिची सही आहे,
स्विचबोर्डाच्या वर चार बोटं,
दोनदा रंग दिला तरी खालून उमटते.
मालक दोन नव्हते तर.
मधे आठेक दिवस कृष्णाबाई बसून होती,
स्टेअरिंगपाशी, काचा बंद करून,
आणि तिच्यासाठी आरसीवर रकाना नाही.

उपाध्ये पट्ट्याकडे बघत उभे.
"मला पण सांगितलं नव्हतं,
घेताना," म्हणाले,
आणि रुमालाने हात पुसले,
हाताला काही लागलेलं नसताना.

मी चिडायला हवं होतं.
पण तेव्हा दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं.
पाणी उतरलं, मी मशीन उघडलं,
केसांच्या ड्रायरने चार दिवस वाळवलं,
पॅनेल पुसलं, नवा टोनर घातला
आणि जतच्या एका मास्तरांना विकलं.
पुरातलं नाही ना, त्यांनी विचारलं होतं.
वरच्या मजल्यावर होतं, मी म्हटलं.
आम्हाला वरचा मजला नाही.

महिन्याने त्यांचा फोन:
प्रत्येक प्रतीवर मधोमध आडवी रेघ येते,
काय करावं?
काच पुसून बघा, म्हणाले मी.
नंतर उचललाच नाही.

दस्तगीरने पट्टा सोडला.
सरसर आत गेला, भुरा आधी, मग काळा,
आणि गाडी पुन्हा कोरी.

घेतली नाही.
आयर्विनवरून स्कूटीने घरी येताना
नदी खाली एवढीशी, म्हशी बसाव्यात एवढी.
खांबावरचे फुटांचे आकडे उघडे, कोरडे,
कुणाच्या नजरेतही न येणारे.
पुलाच्या मध्यावर थांबले. मागून ट्रॅक्टरवाला ओरडला.
मास्तरांचा नंबर
'उचलू नये' या नावाने ठेवला होता.
आधी नाव बदललं.
मग लावला.
रिंग जात होती.